थबकलेली लाट

मालवण, २७ नोव्हेंबर १९६७

डॉक्टर म्हणाले, रोज काहीतरी लिहीत जा, फक्त आकडे नकोत. आधी स्वतःबद्दल लिहा, परक्याला सांगावं तसं.

तर मी गुरुदास. वय एकतीस, लग्न नाही. मुंबईत एका संशोधन संस्थेत गणिताचं काम करतो. काम आहे मरणाऱ्या ताऱ्यांचं. मोठ्या ताऱ्याचं इंधन संपलं की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनाने आत कोसळतो. कोसळता कोसळता इतका घट्ट होतो की आणखी दबत नाही. वरून येणारा माल त्यावर आदळतो आणि धक्क्याची एक लाट उलटी बाहेर निघते. ती पृष्ठभागापर्यंत पोचली तर तारा फुटतो आणि अब्जावधी कोसांवरून दिसतो. नाही पोचली तर सगळं परत आत. हे आतलं कुणीही पाहिलेलं नाही. आम्ही तारा कांद्यासारखा थरांचा मानतो आणि प्रत्येक थर क्षणाक्षणाला कुठे असेल ते संस्थेतल्या मोठ्या यंत्राकडून मोजून घेतो.

माझ्या गणितात लाट अर्ध्या वाटेवर थबकते. थबकते आणि थरथरायला लागते. पुढे, मागे, पुढे, मागे, दर वेळी आधीपेक्षा जास्त.

संस्थेतले माझे वरिष्ठ, सर, म्हणाले, हा ताऱ्याचा नव्हे, तुमच्या गणिताचा थरकाप आहे, सोडून द्या. मला सोडता आलं नाही. पावसाळाभर झोप लागली नाही. एका संध्याकाळी यंत्राच्या खोलीत मी जरा मोठ्याने बोललो, त्यानंतरचं नीट आठवत नाही. काही दिवस इस्पितळात होतो. मग सरांनी दोन महिन्यांची रजा दिली आणि बाबा मला न्यायला आले.

येताना बोटीवर बाबांनी माझं मनगट सोडलं नाही. जन्मभर शिडाच्या मचव्यावर तांडेल म्हणून दर्यात फिरलेला माणूस, आणि आता डेकवर उभं राहायला आधार लागतो. वाईट वाटलं.

२९ नोव्हेंबर

घरी आम्ही चौघं. बाबा, आई, मी आणि धाकटी बहीण मथुरा. ती इथल्याच प्राथमिक शाळेत शिकवते.

आईने विहिरीवर फळ्या टाकून वर पाटा ठेवलाय. विचारलं तर म्हणाली, मांजर पडता. आमच्याकडे मांजर नाही. शेजारच्या भिकाजीकाकांचं असेल. दर घागरीला पाटा उचलायचा, फळ्या सरकवायच्या, पुन्हा ठेवायच्या. तिची कंबर धरते, पण ऐकत नाही.

बाबांचा वस्तरा हरवलाय. दाढीला न्हावी घरी येतो. मी म्हटलं, बाजारातून नवीन आणतो. बाबा म्हणाले, "तू कित्याक जातंस? मी हाडीन." अजून आणला नाही. वय झालं की विसर पडतो.

मी बरोबर आणलेलं हाताने फिरवायचं गणकयंत्र माळ्यावर ठेवलंय. शिडी भिकाजीकाकांकडे गेलीय.

३ डिसेंबर

आज मथुरा शाळेतून आली ती जवळ येऊन बसली. तिने सरळच विचारलं, "दादा, तू कशाक भियालंस?" घरात हे कुणी विचारत नाही. सगळे विचारतात ते जेवलास का, झोपलास का.

तिला सांगायचा प्रयत्न केला. आम्ही वेळ सलग मोजू शकत नाही, पावलापावलाने मोजतो. पाऊल फार मोठं टाकलं तर गणितात अशा गोष्टी उठतात ज्या ताऱ्यात नाहीतच. एका थराचा आकडा वर, शेजारच्याचा खाली, पुढचा पुन्हा वर, करवतीच्या दातांसारखे. मग ते दात वाढतात आणि सगळं खाऊन टाकतात. असे दात माझ्या कागदांवर आहेत. पण त्यांच्या मागे आणखी एक संथ हेलकावा आहे, सबंध लाटेचा. तो कोणाचा? ताऱ्याचा की माझा?

"मगे त्यात भियाचा काय?" ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, समज तू वर्गात उभी आहेस आणि तुला मुलांचा गोंगाट ऐकू येतोय. मग कुणीतरी सांगतं, आज सुट्टी आहे, वर्ग रिकामा आहे. तुला गोंगाट ऐकू येतच राहतो.

ती माझ्या हातावर हात ठेवून बसून राहिली. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. मी वर पाहिलं तशी आत गेली.

४ डिसेंबर

आज बाबांनी मथुरेला परसात नेऊन रागावलेलं ऐकलं. "तेच्याकडे त्या ताऱ्याचा नाव काढू नको." म्हणजे माझ्या कामाची त्यांना लाज वाटते. माझ्याबद्दल गावात काय सांगितलंय, कोण जाणे.

८ डिसेंबर

बाबांबरोबर दर्यावर. रोज संध्याकाळी "चल, जावन येवया" म्हणतात आणि वाळूत माझ्या आणि पाण्याच्या मधून चालतात. लाटा त्यांच्या पायावर येतात, माझ्यापर्यंत पोचत नाहीत. त्यांना पाणी आवडतं, दुसरं काय.

मला आज पाण्याकडे बघवत नव्हतं. प्रत्येक लाट येताना कुठे थांबेल ते मी मनात धरत होतो आणि प्रत्येक वेळी चुकत होतो.  बाबांना सांगितलं नाही. ते घाबरतील.

११ डिसेंबर



पहाटे जाग आली ती खाट हलत होती म्हणून. भिंतीवरच्या तसबिरी वाजत होत्या, कौलं कडकडत होती, फळीवरची भांडी एकामागून एक खाली येत होती. मी उठलो नाही. बसूनही राहिलो नाही. पडून राहिलो आणि डोळे मिटून घेतले. कारण मला ठाऊक होतं की हे खरं नाही. हे माझ्यात आहे. मुंबईत खोलीत सुरू झालेलं ते इथवर माझ्या मागोमाग आलं आणि आता कधीच थांबणार नाही. इतका मी आयुष्यात घाबरलेलो नाही. मला वाटलं, संपलो.

तेवढ्यात आई ओरडली, "धरणी हलता! गुरू, भायर ये रे! भायर ये!"

आणि मी हसलो. मोठ्याने. थांबेचना. धरणी हलते आहे! मी नाही, धरणी! बाबांनी मला काखेत धरून अंगणात ओढत आणलं तरी मी हसतच होतो. सगळी वाडी बाहेर. बायका रडतायत, पोरं आयांना बिलगलेली, कुत्री केकाटतायत, आणि मी तुळशीपाशी बसून डोळ्यांतलं पाणी पुसत हसतोय. भिकाजीकाका माझ्याकडे बघत होते. आईने पदर तोंडात घातला आणि दुसरीकडे बघितलं.

मला समजावून सांगायचं होतं. कसं सांगणार?

१२ डिसेंबर

रेडिओवर सांगितलं, भूकंप कोयनेला झाला. गाव उद्ध्वस्त. माणसं झोपेतच ढिगाऱ्याखाली गेली. किती ते अजून मोजतायत.

आणि मी हसलो होतो.

दिवसभर जेवलो नाही. आई ताट घेऊन तीनदा आली. "जेव रे झिला, निवाक लागला." शेवटी तिथेच बसून राहिली, ताट मांडीवर घेऊन. आमच्या भिंतीला एक चीर गेलीय, बाकी घराला काही नाही.

१५ डिसेंबर

वाडीतली माणसं अजून अंगणातच झोपतात. आज भिकाजीकाका आणि आणखी चारजण ओसरीवर आले. मला वगळून बाबांशीच बोलत होते, पण शेवटी काकांना राहवलं नाही. "गुरू, तू शिकलेलो मनीस. धक्के-बिक्के तूच मोजतंस म्हणतत. परत येतलो काय रे?"

बाबा मधे पडले. "तेका नको विचारू."

मी म्हटलं, "माका म्हायत नाय, काका. कोणाकच म्हायत नाय. बारके धक्के अजून काय दिवस येत रवतले."

"मगे भितर निजाचा की भायर?"

मी म्हटलं, बाहेर निजा.  मी काही सांगावं आणि त्यावर कुणी आपली पोरं कुठे निजवायची ते ठरवावं, हे मला सोसत नाही. काकांनी मान हलवली आणि गेले. बाबा मात्र माझ्याकडे बराच वेळ बघत होते. का, ते कळलं नाही.

१९ डिसेंबर

पुन्हा सुरू झालंय.

काल दुपारी ओसरीवर बसलो असताना पायाखाली बारीक थरथर जाणवली. आईला विचारलं, "आता हलला?" ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "खंय रे? काय नाय हलला."

आज सकाळी पुन्हा. पितळेच्या तांब्यातलं पाणी थरारताना दिसलं. बाबांना हाक मारली. ते येईपर्यंत पाणी स्वस्थ होतं. "काय नाय," बाबा म्हणाले. दुपारी पुन्हा. पुन्हा "काय नाय."

म्हणजे पहाटेचा तो एकच धक्का खरा होता. बाकीचे माझे.

२० डिसेंबर

आज दिवसभर भिंतीला पाठ लावून बसलो. भिंत हलली तर पाठीला कळेल म्हणून. पाठीला सारखंच काहीतरी कळतं. छातीचे ठोकेच असतील. असतील का? तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा नाही. विचारणं बंद केलं. आई आणि बाबा एकमेकांकडे बघतात ते मला दिसतं.

काल मी लिहिलं, बाकीचे माझे. ते वाक्य आज वाचवत नाही.

२२ डिसेंबर

आजचं सविस्तर लिहितो, कारण मला ते विसरायचं नाही.

दुपारची जेवणं चालली होती. चौघं पानांवर. मथुरेची शाळा भिंतीला चिरा गेल्या म्हणून बंद आहे, त्यामुळे तीही होती. पुन्हा थरथर. माझा घास हातातच राहिला. मी विचारलं नाही. डोळे मिटून घेतले. आईचा आवाज आला, तोच, "काय नाय रे, जेव."

आणि मथुरा म्हणाली, "हलला."

आईचा घास पानात पडला.

"हलला, दादा. माका कळला. आये, तुकाय कळला, तुझो हात बघ. परवाय हललेला, कालय हललेला. सगळी वाडी सांगता. तू तेका खोटा कित्याक सांगतंस?"

"मथुरा!" बाबा ओरडले.

"ओरडा नको माझ्यार! तो म्हणता माका खोटा दिसता, आणि आमी तेका खरा ताच खोटा म्हणान सांगतव!"

आई रडायला लागली. डाव्या हाताने पदर शोधत होती, उजवा खरकटा. "डॉक्टरान सांगल्यान, तेका भय दाखवू नको," ती म्हणाली. "मी काय करू? माका म्हायत नाय मी काय करू."

माझ्या डोळ्यांसमोर सगळं एकदम सरळ रांगेत उभं राहिलं. फळ्या. पाटा. वस्तरा. शिडी. दर्यावर मधून चालणारे बाबा. मी म्हटलं, "बाबा, मुंबैत काय झाला?"

ते पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू गच्चीच्या कठड्यार उभो होतंस. चौथ्या माळ्यार. शिपायांनी तुका पाठसून धरून ओढल्यानी." मग वर बघून, "तुका आठवणा नाय?"

नाही आठवत. लिहिताना पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. वारा आठवतो. कठडा आठवत नाही. मी उडी टाकणार होतो का, मला ठाऊक नाही. हे मला ठाऊक नाही याची जी भीती आज वाटते तिच्यापुढे तारा काहीच नाही.

पानावरून कुणी उठलं नाही. अन्न गार झालं. मग आईनेच पुन्हा वाढलं.

२३ डिसेंबर

सकाळी मथुरा शिडी घेऊन आली. बाबांच्या देखत माळ्यावर चढली आणि गणकयंत्र खाली आणलं. बाबा म्हणाले, "डॉक्टर नको म्हणालेलो." ती म्हणाली, "डॉक्टर बराच काय काय म्हणालेलो." बाबा उठून दर्यावर गेले. एकटे. मी आल्यापासून पहिल्यांदाच.

तिने विचारलं, "खरा की खोटा, ता कसा कळता?"

मी म्हटलं, पाऊल अर्धं करायचं. नियम असा की लाट एका पावलात एका थरापलीकडे जाता कामा नये. पाऊल लहान केलं आणि थरथर गेली, तर ती माझी. राहिली, तर ताऱ्याची.

"मगे तू मुंबैत ता कित्याक नाय केलंस?"

सरांनी मोठ्या यंत्रावर वेळ दिला नाही म्हणून, असं मी सांगणार होतो. ते खरंही आहे. पण पूर्ण खरं असं की मला उत्तर नको होतं. थरथर गेली असती तर मी खुळा ठरलो असतो.

२८ डिसेंबर

पाच थर मथुरेला पाठ झालेत. सबंध तारा हाताने मोजता येत नाही. लाट थबकते तिथले मोजकेच थर घेतले, बाकीचे स्थिर धरले. ती मागचे आकडे वाचते, मी दांडा फिरवतो, ती नवे मांडते. चुकले तर तिलाच आधी कळतं. आई चहा आणते आणि कागदांना हात न लावता बाजूने जाते, सोवळ्यातल्यासारखी.

जमीन आज हलली नाही. दोघींना विचारलं. नाही म्हणाल्या. विश्वास ठेवला.

२ जानेवारी १९६८

करवतीचे दात गेले. सगळे. पाऊल अर्धं करताच शेजारशेजारचे आकडे मुकाट्याने एका रांगेत आले. सर बरोबर होते. ते दात माझेच होते.

हे मला वाटलं होतं तितकं भयंकर निघालं नाही. मी पाऊल मोठं टाकलं, एवढंच. मथुरा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, पुढचे आकडे वाच.

५ जानेवारी

हेलकावा राहिला आहे.

पाऊल पुन्हा अर्धं करून पाहिलं. तोच. लाट थबकते, मागे सरते, पुढे येते, आधीपेक्षा थोडी जास्त. दात नाहीत, गोंगाट नाही, पण ती हलते आहे. मी आणि मथुरा कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो. तिने विचारलं, "म्हणजे तारो फुटतलो?" मी म्हटलं, ते या थोड्या थरांवरून कळत नाही. हेलकावा वाढून फुटेल, किंवा सगळं आत जाईल.

"तुका बरा नाय वाटला?"

वाटलं. आणि अंगावर काटाही आला. इतके दिवस मला भीती होती की तिथे काहीच नाही. आज कळलं की तिथे काहीतरी आहे, सूर्याहून कितीतरी मोठं, कुठे पडावं याचा निर्णय न झालेलं. बाबांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "भोवऱ्यात सापडलेल्या मचव्यासारखा?" मी म्हटलं, नाही, तसं नाही. मग बराच वेळ कसं ते सांगत बसलो. त्यांना कळलं असं वाटत नाही. पण उठून गेले नाहीत.

१७ जानेवारी

मी पाठवलेल्या आकड्यांना सरांचं उत्तर आलं. मोठ्या यंत्रावर लहान पावलाने मोजलं, हेलकावा तिथेही आहे. पण तो ताऱ्याच्या बाहेरच्या कडेला आम्ही जी अट घातली तिच्यामुळेही असू शकेल, ते तपासायला हवं. प्रकृती ठीक झाल्यावर या, घाई नाही.

म्हणजे अजून कुणालाच माहीत नाही. मला वाटलं होतं, हे वाचून पुन्हा रात्रीची झोप जाईल. झोपलो.

परत जायची भीती वाटते. त्या इमारतीत शिरायची. वर गच्ची आहे त्याची. हे आज आईला सांगितलं, तसंच. ती म्हणाली, "मगे आधी त्या सावंतवाडीच्या डॉक्टराक दाखव."

२४ जानेवारी

आज बाबांबरोबर एसटीने सावंतवाडीला निघालो. मुंबईच्या डॉक्टरांनी तिथल्या एका डॉक्टरांचं नाव दिलं होतं. मी खिडकीशी, बाबा शेजारी. कट्टा गाव सोडल्यावर उतारावर वळणात एकदम म्हशी आडव्या आल्या. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली ती ओढ्यावरच्या अरुंद साकवाच्या कडेला गेली आणि पुढचं चाक कडेबाहेर हवेत लोंबकळलं. गाडी कलली. माझ्या खिडकीखाली रस्ता नव्हता. खाली खडक आणि वाळलेला व्हाळ.

मी ओरडलो. "आये!" असं. गाडीतले सगळेच ओरडत होते, पण माझा आवाज मला वेगळा ऐकू आला. दोन्ही हातांनी मी समोरचा दांडा आणि बाबांचा सदरा धरला होता, सदरा फाटेपर्यंत. पाय सीटखाली अडकवले होते. मी सबंध अंगाने खिडकीपासून लांब जात होतो.

कंडक्टरने एकेकाला मागच्या दाराने उतरवलं. कुणाला लागलं नाही. रस्त्याच्या कडेला मातीत बसलो.  एका बाईने तिच्या तांब्यातलं पाणी दिलं ते निम्मं अंगावर सांडलं.

बाबा माझ्यासमोर उकिडवे बसले. फाटलेला सदरा खांद्यावरून लोंबत होता. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, वादळात आभाळ बघतात तसं.

"भियालंस?"

"होय. खूप भियालंय, बाबा. माका वाटला, पडतलो आता. माका पडाचा नव्हता."

त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. हात खरखरीत होते.

"बरा झाला," ते म्हणाले.